आधी काउंटीची खिडकी, मग अंतरपाट

कॅलिफोर्नियात आमच्या ओळखीचे एक गुरुजी आहेत. लग्न लावायचंय म्हणून फोन केला, की मुहूर्त, सामानाची यादी, होम हॉलमध्ये पेटवू देतील की बाहेर, हे सगळं ते नंतर बोलतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "लायसन्स काढलंत का?" कालच पुण्याहून आलेल्या वधूपित्याला वाटतं, हे गाडीच्या लायसन्सबद्दल विचारताहेत.

गुरुजींचं चुकत नाही. इथल्या कायद्याप्रमाणे लग्न लावणाऱ्याने आधी लग्नाचं लायसन्स डोळ्यांनी बघायचं आणि मगच अंतरपाट धरायला सांगायचं. गोंधळ होतो तो आपल्या सवयीमुळे. हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा. त्यात लग्न लागतं ते विधींनी. सप्तपदी झाली की लग्न झालं. मग सवडीने लग्नपत्रिका, फोटो, साक्षीदार आणि भटजींची सही गोळा करून आपण नोंदणीला जातो. कित्येक जोडपी तर पासपोर्टचं काम निघेपर्यंत जातच नाहीत. अमेरिकेत हा क्रम बरोबर उलटा आहे. आधी सरकारची परवानगी, मग लग्न, मग नोंद. आपल्याकडे विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्यांना तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि गोव्यात तर पोर्तुगीज काळापासून आधी नागरी निबंधकाकडे जायची रीत आहे. त्यामुळे गोव्याच्या मंडळींना यात फारसं नवल वाटत नाही. बाकीच्यांना वाटतं.

घर बांधण्याशी तुलना केली तर लवकर कळेल. पाया खणण्याआधी बांधकाम परवाना लागतो आणि घर उभं राहिल्यावर भोगवटा प्रमाणपत्र मिळतं. लायसन्स म्हणजे परवाना. "या दोघांना लग्न करायला कायद्याची हरकत नाही," एवढंच ते सांगतं. लग्न झाल्याचा पुरावा म्हणजे सर्टिफिकेट, आणि ते नंतर मिळतं. गंमत अशी, की कॅलिफोर्नियात हे दोन्ही एकाच कागदावर असतं. वरचा भाग खिडकीवरचा कारकून छापून देतो. खालचा भाग लग्नाच्या दिवशी भरला जातो, कागद परत काउंटीकडे (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा) जातो, तिथे त्याची नोंद होते आणि त्याचंच सर्टिफिकेट होतं. नुसतं लायसन्स काढून घरी ठेवलं तर तुम्ही अविवाहितच. नुसतं थाटात लग्न केलं आणि लायसन्सच काढलं नाही, तर तिथल्या सरकारच्या दृष्टीने तुम्ही तीनशे माणसांना जेवायला घातलंत, इतकंच.

अख्ख्या अमेरिकेत तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत, एकट्या कॅलिफोर्नियात ५८. लग्नाचा कायदा मात्र प्रत्येक राज्याचा आपापला आहे, केंद्राचा नाही. त्यामुळे टेक्सासमधल्या मावसभावाने दिलेला सल्ला कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत कामाला येईलच असं नाही. शिवाय खिडकीसुद्धा राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्निया, टेक्सास, इलिनॉय इथे काउंटी क्लार्क. न्यू जर्सीत काउंटीकडे जायचंच नाही, गावाच्या नगरपालिकेतला रजिस्ट्रार हे काम करतो. व्हर्जिनियात सर्किट कोर्टाचा क्लार्क. पेनसिल्वेनियात तर बऱ्याच ठिकाणी 'ऑर्फन्स कोर्ट' म्हणजे अनाथांचं न्यायालय असं नाव असलेल्या कचेरीत लग्नाचं लायसन्स मिळतं. नाव जुनं राहिलंय, अर्थ मनाला लावून घेऊ नये.

मी जवळून बघितली ती कॅलिफोर्नियाची पद्धत, माझ्या भाचीच्या वेळी. अर्ज आधी ऑनलाइन भरून वेळ घेतली होती. ऑनलाइन भरला म्हणजे काम झालं असं नाही; दोघांना एकत्र, प्रत्यक्ष खिडकीपाशी उभं राहावंच लागलं. सोबत फोटो असलेलं, मुदत न संपलेलं सरकारी ओळखपत्र हवं. आपल्या लोकांसाठी पासपोर्ट सगळ्यांत बिनघोर. रक्ताची चाचणी नाही, त्या राज्यात राहत असल्याचा पुरावा नाही, अमेरिकेचं नागरिकत्व नाही, काही नाही. सोशल सिक्युरिटी नंबराचा, म्हणजे सरकारी ओळख क्रमांकाचा, रकाना बऱ्याच राज्यांच्या अर्जात असतो, कारण १९९६ साली मुलांच्या पोटगीच्या वसुलीसाठी केंद्राने तसा नियम केला. पण ज्याला तो नंबर मिळालेलाच नाही त्याला लायसन्स नाकारत नाहीत. आधीचं लग्न झालेलं असेल तर ते कधी आणि कसं संपलं ती तारीख अचूक सांगावी लागते. काही काउंट्या अलीकडच्या घटस्फोटाचा हुकूमनामाही मागतात, तेव्हा बांद्र्याच्या किंवा शिवाजीनगरच्या कुटुंब न्यायालयातली प्रत बॅगेत टाकून आणलेली बरी.

आमचं घोडं अडलं ते भलत्याच रकान्यात. चारही आईवडिलांचं जन्माच्या वेळचं पूर्ण नाव आणि जन्म कुठल्या राज्यात किंवा देशात झाला, हे तिथे लिहावं लागतं. मुलाने आईचं नाव लिहिलं होतं ते सासरचं. कारकूनबाई म्हणाल्या, हे लग्नानंतरचं नाव दिसतंय, जन्माचं सांगा. मुलाला आजोळचं आडनाव ठाऊक होतं, पण आईचं माहेरचं पहिलं नावही वेगळं होतं हे त्याला तिशीपर्यंत कळलेलंच नव्हतं. मग तिथूनच कोल्हापूरला फोन. तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेलेले. आई झोपेतून उठून म्हणाली, "काय रे, झालं का लग्न?" "नाही गं, तुझं नाव सांग."

एवढं झाल्यावर बाईंनी पडदा आमच्याकडे फिरवला आणि म्हणाल्या, एकेक अक्षर तपासा. हे त्या नेहमीच सांगत असणार, पण हाच खरा महत्त्वाचा क्षण. इथे सुटलेली चूक नंतर दुरुस्त करायला वेगळा अर्ज, वेगळी फी आणि बरेच आठवडे लागतात. मग शपथ, सह्या आणि फी. फी काउंटीगणिक वेगळी, साधारण शंभर डॉलरच्या आगेमागे. त्यातले २३ डॉलर राज्याच्या कायद्याप्रमाणे घरगुती हिंसाचाराने पीडित असलेल्यांच्या आसरागृहांना जातात. लग्नाच्या परवान्यातूनच ही तरतूद करणाऱ्या माणसाला संसाराची बरीच जाण असली पाहिजे.

आता नावाचा रकाना. यावर जरा थांबतो, कारण मराठी माणसाची फजिती इथेच होते.

कॅलिफोर्नियात लग्नानंतर घ्यायचं नाव लायसन्सच्या अर्जातच लिहायचं असतं. रकाना मोकळा सोडला तर नाव आहे तेच राहतं, त्याला कुणाची ना नाही. पण एकदा कागदाची नोंद झाली की "आता विचार बदलला" चालत नाही; मग कोर्टात अर्ज करायचा. हा रकाना आला तो २००७ साली मंजूर झालेल्या आणि १ जानेवारी २००९पासून लागू झालेल्या कायद्याने. त्याआधी लॉस एंजेलिस भागातल्या एका नवऱ्याला बायकोचं आडनाव घ्यायचं होतं. बायकोला जे सहज जमलं असतं, त्यासाठी त्याला कोर्टात अर्ज, जास्तीची फी आणि वर्तमानपत्रात जाहिरात असं सगळं करायला सांगितलं. त्याने दावा लावला, आणि त्यातून स्त्रीपुरुषांना सारखा नियम आला.

नियम उदार आहे, पण तो आपली नावं डोळ्यांपुढे ठेवून केलेला नाही. समजा मुलगी मधुरा सुरेश जोशी आणि मुलगा अमोल कुलकर्णी. आपल्या रीतीप्रमाणे ती होणार मधुरा अमोल कुलकर्णी. आडनावाचं जमतं: कुलकर्णी घेता येतं, जोशी-कुलकर्णी जोडता येतं, इतकंच काय, दोन्हींचे तुकडे जुळवून 'जोकर्णी' असं नवं आडनावही कायद्याला चालतं. मधलं नाव म्हणून 'जोशी' चालतं, 'कुलकर्णी' चालतं, 'सुरेश-जोशी' असं जोडनावही चालतं. फक्त 'अमोल' चालत नाही! मधल्या नावासाठी कायद्याने दिलेल्या पर्यायांत दोघांपैकी कुणाचं तरी आडनाव, किंवा आपलं मधलं नाव आणि आडनाव यांची जोडी, एवढंच आहे. नवऱ्याचं पहिलं नाव बायकोचं मधलं नाव होऊ शकतं, हे राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, कुणाला सुचलंच नसावं. आणि पहिलं नाव तर या कागदाने बदलताच येत नाही. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव खुशाल लिहा, उखाण्यात घ्या. काउंटीच्या दफ्तरी मधुरा ती मधुराच.

भाचीने रकाना मोकळा सोडला. तिच्या सासूबाई म्हणाल्या, बरं केलंस, मला माझं नाव बँकेत आजही दोन तऱ्हेने लिहावं लागतं.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. लायसन्सवर नाव बदललं म्हणून पासपोर्टवरचं आपोआप बदलत नाही. तिथे भारतीय दूतावासाची वेगळी प्रक्रिया आहे. मधल्या काळात व्हिसा एका नावावर आणि ड्रायव्हिंग लायसन्स दुसऱ्या नावावर असं झालं, की विमानतळावर सर्टिफिकेट बाळगत फिरायचं.

लायसन्स हातात आलं की घड्याळ सुरू. कॅलिफोर्नियात ते त्याच दिवसापासून चालतं आणि ९० दिवस टिकतं. राज्यातल्या कुठल्याही काउंटीत लग्न लावा. पण राज्याची हद्द मात्र पक्की. लेक टाहोला लग्न करणाऱ्यांची इथे हमखास तारांबळ उडते. सरोवर एकच, मधून राज्यांची सीमा जाते. साउथ लेक टाहोतल्या हॉटेलात लॉन लहान म्हणून कार्यक्रम रस्त्यापलीकडच्या स्टेटलाइनच्या हॉटेलात हलवला, तर तुम्ही नेवाडात गेलात आणि कॅलिफोर्नियाचं लायसन्स तिथे निव्वळ कागद. इलिनॉयमध्ये तर राज्यही पुरत नाही. ज्या काउंटीने दिलं त्याच काउंटीत लग्न लागलं पाहिजे. शिकागोच्या कुक काउंटीतून लायसन्स काढून शेजारच्या ड्युपेज काउंटीतल्या देवळात अक्षता टाकून चालत नाही.

दुसरी अडचण थांबण्याची. टेक्सास आणि न्यू जर्सीत ७२ तासांचा विराम आहे, न्यूयॉर्कमध्ये २४ तासांचा. नवरा-नवरी बुधवारी संध्याकाळी न्यू जर्सीत उतरले, गुरुवारी दुपारी रजिस्ट्रारकडे गेले आणि शनिवारी सकाळचा गोरज... चुकलो, गोरज संध्याकाळचा. पण शनिवारचा कुठलाही मुहूर्त धरला तरी हिशेब जुळत नाही. न्यू जर्सीत अर्जाच्या वेळीच एक सज्ञान साक्षीदारही सोबत न्यावा लागतो. टेक्सासने एक पळवाट ठेवलीय: विवाहपूर्व समुपदेशनाचा मान्यताप्राप्त वर्ग केला तर ७२ तास माफ आणि फीत ६० डॉलरची सूट.

हा विराम कशासाठी, तर घाईघाईत, बहुधा दारूच्या नशेत केलेल्या लग्नांना आळा बसावा म्हणून. कॅलिफोर्नियाने १९२७मध्ये तीन दिवसांची अट घातली तेव्हा लोक तिला 'जिनचा कायदा' म्हणत, ती प्यायची जिन. परिणाम असा झाला की हॉलीवूडचे नटनट्या सीमा ओलांडून ॲरिझोनातल्या युमा गावात आणि नेवाडात जाऊन लग्न करू लागले. लास वेगासची लग्नाची बाजारपेठ फोफावली त्यात शेजाऱ्याच्या या कायद्याचा मोठा वाटा होता. तिथल्या क्लार्क काउंटीची लायसन्सची कचेरी आजही सकाळी आठ ते मध्यरात्री बारा, वर्षाचे ३६५ दिवस उघडी असते. दिवाळीलाही आणि नाताळलाही.

आता लग्न लावणार कोण, हाही कागदाचाच प्रश्न. कॅलिफोर्नियात कुठल्याही धर्माचा अधिकृत पुरोहित चालतो, वय अठरा पूर्ण हवं, सरकारी नोंदणी लागत नाही. बऱ्याच काउंट्यांत मित्राला किंवा मामाला एका दिवसापुरतं लग्न लावायचे अधिकार घेता येतात. पण न्यू जर्सीचे गुरुजी ओहायो, व्हर्जिनिया किंवा न्यूयॉर्क शहरात लग्न लावायला निघाले, तर त्यांचं नाव तिथे आधी नोंदवलेलं असावं लागतं. मंत्र तेच, स्वर तेच, पण सहीला किंमत नाही. मंडळातून गुरुजी ठरवताना दक्षिणेआधी हे विचारून घ्यावं.

एका कारकुनाच्या हातात इतकं का, असा प्रश्न पडतो. पूर्वी तर फारच होतं. कॅलिफोर्नियात गोऱ्या आणि गौरेतर माणसांच्या लग्नाला बंदी होती आणि कोण कुठल्या वर्णाचा, हे खिडकीतला माणूस ठरवायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इम्पीरियल खोऱ्यात शेती करायला आलेल्या पंजाबी पुरुषांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. कारकुनाला दोघांचा रंग सारखा वाटला तर लायसन्स मिळायचं, नाही वाटला तर जोडपं दुसऱ्या काउंटीत किंवा ॲरिझोनात जाऊन नशीब आजमावायचं. १९४८मध्ये आंद्रेया पेरेझ आणि सिल्व्हेस्टर डेव्हिस यांना लॉस एंजेलिस काउंटीच्या क्लार्कने लायसन्स नाकारलं म्हणून झालेला खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ती बंदी रद्द झाली. देशभरची बंदी उठायला १९६७ उजाडलं, तेही एका गोऱ्या-काळ्या जोडप्याच्या खटल्यामुळे. व्हर्जिनियाच्या रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग यांनी वॉशिंग्टनमध्ये रीतसर लग्न करून सर्टिफिकेट घराच्या भिंतीवर लावलं होतं, तरी रात्री शेरीफने त्यांना बिछान्यातून उठवून अटक केली होती. आणि २०१५मध्ये समलिंगी विवाहाला सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिल्यावर केंटकीतल्या रोवन काउंटीची क्लार्क किम डेव्हिस लायसन्स द्यायला तयार होईना. अवमानाबद्दल तिला तुरुंगात जावं लागलं. आज कारकुनाने बघायचं ते वय, ओळख आणि आधीचं लग्न संपलंय की नाही, एवढंच. बाकी त्याच्या मतावर नाही.

व्हिसावाल्यांसाठी थोडक्यात. ज्यांनी भारतात रीतसर लग्न करून नोंदणी केलीय त्यांना अमेरिकेत पुन्हा लायसन्स काढायचं कारण नाही. जिथे लग्न झालं तिथे ते कायदेशीर असेल तर इथे सर्वसाधारणपणे मानलं जातं. वाग्दत्त वधू किंवा वर म्हणून के-वन व्हिसावर आलेल्यांना आल्यापासून ९० दिवसांत लग्न करावं लागतं. तेव्हा आधी लायसन्सची वेळ घ्या, मग मुहूर्त काढा. कोविडच्या काळात यूटा काउंटीने व्हिडिओवरून लायसन्स आणि लग्न दोन्ही सुरू केलं आणि जगभरची जोडपी तिकडे वळली. मात्र वधू एका देशात, वर दुसऱ्या देशात असं पडद्यावर लागलेलं लग्न, त्यानंतर दोघांचा प्रत्यक्ष सहवास होईपर्यंत, इमिग्रेशन खातं मानत नाही. कायद्यात हे याहून जास्त उघड शब्दांत लिहिलंय.

लग्नाच्या दिवशी काम फार नाही, पण ते गर्दीत हरवतं. गुरुजींनी तारीख, गाव, काउंटी भरायची आणि सही करायची. कॅलिफोर्नियात किमान एक साक्षीदार लागतो आणि दोनांहून जास्त सह्यांना जागाच नसते. त्यामुळे दोन्हीकडच्या सगळ्या मामांचा मान इथे राखता येत नाही, हे आधीच सांगून ठेवावं. काळी शाई. खाडाखोड नको, पांढरा रंग लावून दुरुस्ती तर मुळीच नको. चुकलं की तो कागद बाद होऊ शकतो आणि पैसे भरून दुसरा काढावा लागतो. मंगलाष्टकं संपल्यावर फोटोवाला ओढतोय, करवल्या चप्पल लपवताहेत, अशा वेळी कोपऱ्यातल्या टेबलावर हे शांतपणे करायला एक धीराचा माणूस नेमावा.

नंतर दहा दिवसांच्या आत तो कागद, ज्या काउंटीने दिला तिच्याकडे परत पोचवायचा. कायद्याने ही जबाबदारी लग्न लावणाऱ्याची आहे. त्याने हलगर्जी केली म्हणून तुमचं लग्न रद्द होत नाही, पण नोंद होत नाही, आणि नोंद नाही तर सर्टिफिकेट नाही. सर्टिफिकेटही आपण होऊन घरी येत नाही. वेगळा अर्ज करून, पैसे भरून प्रमाणित प्रत मागवावी लागते. दोन-तीन मागवाव्यात: एक सोशल सिक्युरिटीला, एक व्हिसाच्या कागदांना, एक कपाटात. कचेरीतून कधीकधी नक्षीदार शोभेचं प्रशस्तिपत्रही मिळतं, ते चौकटीत लावायला छान आहे, पण कुठलीच कचेरी ते पुरावा म्हणून घेत नाही. भारतात वापरायचं असेल तर प्रमाणित प्रतीवर राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी खातरजमेचा शिक्का, करून घ्यावं. हा शिक्का एकमेकांचा मानणाऱ्या देशांच्या करारात २००५पासून भारतही आहे.

आमच्याकडे गुरुजींनी सही केलेला लिफाफा वरमाईच्या हातात दिला. तिने तो आहेराच्या पाकिटांसोबत पिशवीत टाकला आणि पिशवी डेन्व्हरला गेली. नवव्या दिवशी, कुणी किती दिले हे वहीत उतरवताना, तो सापडला. "यात पैसेच नाहीत गं, नुसता कागद आहे," असा तिथून फोन आला. रात्रभरात पोचणाऱ्या कुरियरला एकेचाळीस डॉलर पडले.